मराठी ब्लॉग, जाहिराती आणि ॲफिलिएट: हिशेब कुठे बसतो, कुठे फसतो

बाजारबुणगा

'घरबसल्या कमवा' छापाचे धागे इथे दर महिन्याला निघतात आणि तिसऱ्या पानावर भांडणात संपतात. हा धागा फक्त आकडेमोड, नियम आणि कागदपत्रांसाठी. प्रेरणा हवी असेल तर यूट्यूबवर मुबलक आहे.

उदाहरण एकच धरू, म्हणजे चर्चा भरकटणार नाही: पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपांबद्दलचा मराठी ब्लॉग. वस्तू ऑनलाइन विकली जाते, किंमत दोन ते चार हजारांत असते आणि घेण्याआधी लोक खरोखर शोधाशोध करतात.

समजा, महिन्याला १०,००० वेळा पानं उघडली गेली. जाहिरातींचा हिशेब आरपीएमवर चालतो, म्हणजे हजार पानांमागे हाती येणारी रक्कम. ती ५० रुपये धरा. महिन्याचे झाले ५०० रुपये. ॲडसेन्स ही गूगलची जाहिरात सेवा १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे सोडत नाही. डॉलर ८५ रुपयांना धरला तर ८,५०० रुपये, म्हणजे पहिली रक्कम खात्यात यायला १७ महिने.

आता त्याच १०,००० पानांवर ॲफिलिएट दुवे लावू, म्हणजे ज्यांवरून कोणी खरेदी केली की दुकान आपल्याला कमिशन देतं असे. शंभरातले तीन वाचक दुव्यावर गेले तर ३००. त्यातल्या चार टक्क्यांनी खरेदी केली तर १२ पंप. सरासरी किंमत २,५०० आणि कमिशन ४ टक्के धरलं तर पंपामागे १०० रुपये, एकूण १,२००. दोन पंप परत गेले की १,०००.

हे सगळे दर गृहीत आहेत. स्वतःचे आकडे घाला आणि परत गुणाकार करा. प्रत्येक वस्तुगटाचं कमिशन वेगळं असतं आणि कंपन्या ते मधूनच बदलतात, म्हणून दरपत्रक अधूनमधून उघडून बघायचं. १०,००० पानांचे २०,००० करण्यापेक्षा दुव्यावर जाणारे 'तीन टक्के' आणि त्यातले खरेदी करणारे 'चार टक्के' हे दोन आकडे हलवणं सोपं असतं. ते कसं हलवायचं, यावर जाणकारांनी लिहावं.

वाचनखूण

ते हलतात लेखाच्या विषयाने. 'फवारणी पंप म्हणजे काय' वाचायला येणारा शाळेचा प्रकल्प करत असतो. '१६ लिटरचा घ्यावा की २० लिटरचा' विचारणाऱ्याच्या खिशात पैसे तयार असतात. 'पंप चार्ज होतो पण प्रेशर येत नाही' विचारणाऱ्याला सुटे भाग हवे असतात आणि सुट्या भागांवरही कमिशन आहेच.

मराठी ब्लॉगांवरचे 'टॉप १० पंप' वाचले की कळतं, लिहिणाऱ्याने कंपनीच्या पानावरची यादी उचलून भाषांतर केलं आहे. घेणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. बॅटरी १२ व्होल्ट ८ एएच (ॲम्पिअर-तास, म्हणजे क्षमता) आहे की १२ एएच? २० लिटर पाणी म्हणजे २० किलो, वर पंपाचं आणि बॅटरीचं वजन. एवढं पाठीवर घेऊन उसात किंवा तुरीत किती वेळ चालवणार? मोटर एक की दोन? गन पितळी की प्लास्टिकची? सोबत नोझल कोणते येतात? तणनाशकाला सपाट पंख्यासारखा फवारा लागतो, कीटकनाशकाला शंकूसारखा, आणि दोन्हींसाठी एकच पंप न धुता वापरला तर पीक जळतं. बिघाड कुठे होतो? डायफ्रामला चीर जाते, प्रेशर स्विच अडकतो, विरघळणाऱ्या खताचा गाळ जाळीत बसतो, बॅटरी हंगामानंतर सहा महिने चार्ज न करता ठेवली की बसते. हे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात का, की कंपनीकडूनच मागवावे लागतात?

एवढं लिहिलं की वाचक दुव्यावर जातो, कारण ही माहिती विक्रीच्या पानावर नसते. आणि एखादा पंप घेऊ नये असं वाटत असेल तर तेही कारणासकट लिहायचं. दहाच्या दहा उत्तम म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

शब्दांबद्दल: एकाच वस्तूला लोक फवारणी पंप, स्प्रे पंप, बॅटरी पंप, औषध मारायचा पंप असं काहीही म्हणतात. लेखात ही सगळी रूपं ओघात येऊ द्या. शेवटी रोमन लिपीतल्या शब्दांचा ढीग मात्र घालू नका. बरेच वाचक रोमन लिपीत मराठी टाइप करून शोधतात हे खरं, पण असा ढीग गूगलच्या नियमांत शब्दांची खोगीरभरती ठरतो. गूगलचं सर्च कन्सोल हे साधन तुमच्या साइटचा १६ महिन्यांचा शोध-तपशील ठेवतं. त्यात ज्या शब्दांवर तुमचं पान आठव्या ते विसाव्या क्रमांकावर आहे ते शोधून काढा आणि त्या प्रश्नांची उत्तरं आहे त्याच लेखात वाढवा. नवा लेख पाडण्यापेक्षा हे जास्त फळतं.

तंत्रतात्या

वरच्या प्रतिसादाला +१. आता पाया.

लेखाचा पत्ता (यूआरएल) देवनागरीत ठेवू नका. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं आणि पत्त्यात त्याचं टक्केवारी-रूप (% चिन्ह घालून केलेलं सांकेतिक रूप) होताना नऊ चिन्हं होतात. वर्डप्रेस ही ब्लॉग चालवायची प्रणाली पत्त्याचा हा भाग २०० चिन्हांवर कापते. म्हणजे जेमतेम २२ देवनागरी चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं! 'बॅटरी फवारणी पंप कसा निवडावा' हा पत्ता मध्येच तुटतो. त्यात व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांचा लांबलचक शेपूट दिसतो आणि लोक तो फसवणुकीचा दुवा समजतात. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग सेवेवर तऱ्हा उलटी. तिथे मराठी शीर्षक दिलं की पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे काहीतरी आकडा असा निघतो. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये जाऊन रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा पत्ता हाताने द्या.

पानाची भाषा मराठी नोंदवा, थीम बहुधा इंग्रजी धरून चालते. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं वेगळी दिलेली आहेत. पानाची भाषा हिंदी लागली असेल तर हिंदी वळणाचा 'ल' दिसतो. फॉन्ट एकच ठेवा, दोन जाडीत. देवनागरी फॉन्टच्या फाइली रोमनपेक्षा जड असतात आणि चार जाड्या चढवल्या की गावातल्या नेटवर पान रखडतं. गूगलचे वेगाचे निकष असे आहेत: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, टिचकीला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, पानाच्या हलण्याचा अंक ०.१ च्या आत असावा. हा तिसरा निकष जाहिरातींमुळे हमखास बिघडतो. मजकूर आधी येतो, मग जाहिरात घुसते आणि ओळ खाली सरकते. जाहिरातीच्या चौकटीची उंची आधीच राखून ठेवली की प्रश्न मिटतो.

होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घेताना पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, नूतनीकरणाचा बघा. 'ब्लॉगिंग शिका' सांगणारी मंडळी होस्टिंग घ्यायला इतक्या आग्रहाने का सांगतात, याचं उत्तर होस्टिंग कंपन्यांच्या ॲफिलिएट दरपत्रकात आहे. वीस लेख होईपर्यंत ब्लॉगर आणि स्वतःचं डोमेन एवढं पुरतं.

शंकासुर

ॲमेझॉनचं ॲफिलिएट खातं आधी काढायचं की लेख आधी? आणि नात्यातल्या चार जणांना दुवा देऊन सुरुवातीच्या विक्रीची अट भागवली तर चालतं का? (मित्रासाठी विचारतोय.)

बाजारबुणगा

मित्राला सांगा, लेख आधी. नोंदणीपासून १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. परत अर्ज करता येतो, पण जुने दुवे सगळे बदलत बसावं लागतं. पंधरा-वीस लेख गूगलमध्ये नोंदले गेले, रोज थोडे का होईना वाचक यायला लागले, की मग अर्ज करा.

स्वतःच्या दुव्यावरून स्वतःसाठी केलेली खरेदी धरत नाहीत. नातेवाईक आणि मित्रांकडून आपल्यासाठी करवलेली खरेदीही नियमाबाहेर आहे. तिन्ही विक्री एकाच आडनावाच्या आणि एकाच पत्त्यावर गेल्या तर तपासणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

कमिशनच्या मुदतीबद्दल गैरसमज फार आहेत. दुव्यावर गेल्यापासून २४ तासांत वस्तू घेतली तर कमिशन. २४ तासांत ती नुसती टोपलीत टाकली असेल तर पुढचे साधारण तीन महिने, टोपली जिवंत आहे तोवर खरेदी झाली तरी ती तुमची. मध्ये वाचक दुसऱ्या कोणाच्या दुव्यावरून आत गेला तर तुमचा हक्क संपला. म्हणून लेखात 'टोपलीत टाकून ठेवा, नंतर ठरवा' अशी वाचकाच्या सोयीची सूचना देण्यात गैर काही नाही.

किंमत हाताने लिहू नका. ती दिवसातून अनेकदा बदलते आणि त्यांच्या नियमानुसार किंमत फक्त एपीआयमधून (ॲमेझॉनकडून थेट माहिती खेचणाऱ्या जोडणीतून) आलेली दाखवता येते. 'दोन ते तीन हजारांच्या दरम्यान' असा ढोबळ पट्टा लिहिणं वेगळं. ग्राहकांचे अभिप्राय आणि तारे उचलून लावणंही मना. फोटो डाउनलोड करून चिकटवू नका. साइटस्ट्राइप या ॲमेझॉनच्या दुवे बनवायच्या पट्टीतून फोटोचे दुवे मिळायचे ते २०२३ च्या अखेरीस बंद झाले. आता एपीआय किंवा स्वतः काढलेला फोटो. ईमेलमध्ये आणि पीडीएफमध्ये दुवे टाकणं बाद. फेसबुक पान किंवा टेलिग्राम वाहिनीवर टाकायचे असतील तर ते पान खात्यात नोंदवलेलं हवं.

एका खात्याखाली बरेच ट्रॅकिंग आयडी (दुव्यात जोडायच्या ओळखखुणा) काढता येतात. प्रत्येक मोठ्या लेखाला वेगळा द्या, नाहीतर विक्री कोणत्या लेखातून आली हे कधीच कळत नाही. भारतातल्या आयडीच्या शेवटी २१ असतं, अमेरिकेतल्याच्या २०. न्यू जर्सीतल्या मराठी वाचकांसाठी लिहीत असाल तर तिकडचं खातं वेगळं काढावं लागेल, भारतातलं तिथे चालत नाही.

वाचनखूण

दुव्यांच्या खुणेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. कमिशनच्या प्रत्येक दुव्याच्या कोडमध्ये 'rel' या जागी 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावा. गूगलने ती २०१९ मध्ये आणली. त्याआधीची 'नोफॉलो' लावली असेल तर तीही चालते. काहीच लावलं नाही तर विकत घेतलेला दुवा म्हणून साइटवर कारवाई होऊ शकते.

वाचकाला सांगणं हा वेगळा भाग. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार मोबदल्याचा संबंध ठळकपणे आणि शिफारशीच्याच भाषेत सांगायचा आहे. म्हणजे मराठी लेखाच्या तळाशी बारीक इंग्रजी ओळ पुरत नाही. पहिल्या दुव्याच्या आधी सरळ लिहा: 'या लेखातल्या दुव्यावरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळतं, तुमची किंमत वाढत नाही.' ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

रानवाट

पंप वगैरे ठीक आहे, पण वाचक तर योजनांच्या ब्लॉगांवर लोटतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण जाहीर झाली तेव्हा जो तो तेच लिहीत होता. त्या गर्दीतून जाहिरातींचे पैसे निघत नाहीत का?

तंत्रतात्या

निघतात, थोडे दिवस. 'यादी आली का', 'हप्ता कधी' असं शोधणारा माणूस काही विकत घ्यायला आलेला नसतो. जाहिरातदाराला तो नको असतो, म्हणून आरपीएम घसरतो. शिवाय अधिकृत संकेतस्थळावर माहिती आली की तुमचं पान निरुपयोगी. पुढच्या योजनेच्या मागे पुन्हा धावायचं.

वाईट भाग पुढे आहे. शासनाच्या संकेतस्थळासारखं रूप देणं, बोधचिन्ह वापरणं, 'इथे अर्ज करा' म्हणून आधार क्रमांक मागणारा फॉर्म लावणं, हे गूगलच्या धोरणात दिशाभूल म्हणून धरलं जातं. परवानगीशिवाय लोकांची ओळखपत्रं गोळा करणं म्हणजे कायद्याच्या कचाट्यातही सापडणं. योजनेवर लिहायचंच तर जे वर्षभर अडतं त्यावर लिहा: बँक खातं आधारशी जोडलेलं आहे पण डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सक्रिय नाही, म्हणून पैसे कसे अडकतात, सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर कोणता अर्ज कुठे द्यायचा, ई-पीक पाहणीची मुदत चुकली तर पुढे काय. हे लेख टिकतात.

आणि यंत्राकडून दिवसाला पन्नास लेख काढून टाकण्याच्या भानगडीत पडू नका. मार्च २०२४ पासून गूगलच्या धोरणात घाऊक मजकुराचा गैरवापर असं वेगळं कलमच आहे. तो मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, याला तिथे महत्त्व नाही.

शंकासुर

मग कमिशन जास्त मिळतं ती क्षेत्रं घ्यावीत. डीमॅट, कर्ज, रमीची ॲपं. एका नोंदणीला पंप विकून मिळतील त्याच्या कितीतरी पट मिळतात.

बाजारबुणगा

रमी आणि फँटसी ॲपं विसरा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला आणि त्यात अशा खेळांच्या जाहिरातीलाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. जुन्या लेखांत पडून राहिलेले दुवे आणि बॅनरही शोधून काढा. 'तेव्हा कायदा नव्हता' हे आज दिसत असलेल्या जाहिरातीला उत्तर नाही.

डीमॅटच्या बाबतीत शेअर बाजाराची नियामक सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम बदलले. नोंदणी नसलेले लोक शेअरचा सल्ला देत असतील किंवा परताव्याचे दावे करत असतील तर दलाल आणि इतर नोंदणीकृत संस्थांना त्यांच्याशी पैशाचा संबंध ठेवता येत नाही. खातं कसं उघडतात, कोणते शुल्क लागतात हे लिहिणं वेगळं. 'हा शेअर घ्या' लिहून खाली दुवा देणं वेगळं. कर्जाच्या ॲपांबद्दल माझं मत साफ आहे: मागे कोणती बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली वित्तसंस्था) आहे हे ॲपवर स्पष्ट दिसत नसेल तर कमिशन कितीही असो, दुवा लावू नये. वाचक अडलेला असतो.

हिशेबनीस

आता कंटाळवाणा भाग. पण बरेच जण इथेच अडकतात.

ॲडसेन्सच्या खात्यात १० डॉलर झाले की पत्ता तपासायला साध्या टपालाने पिन येतो. पहिला पिन तयार झाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. गावचा पत्ता देताना मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं लिहा आणि नावासोबत घरात ज्यांना पोस्टमन ओळखतो त्यांचं नाव 'द्वारा' म्हणून घाला. पोस्टात आधीच सांगून ठेवलं तर उत्तम. पिन आलाच नाही तर पुन्हा मागवता येतो, आणि तरीही नाही आला तर ओळखपत्रावर पडताळणी होते. एका माणसाच्या नावावर एकच खातं. दुसरं काढलं तर दोन्ही धोक्यात.

महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पक्की होते आणि २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघते. ती परदेशातून वायर ट्रान्सफरने येते, म्हणून बँकेचा स्विफ्ट कोड (आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठीचा संकेतांक) लागतो. पतसंस्था आणि बहुतेक जिल्हा बँकांकडे तो नसतो. राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत खातं असू द्या, आणि नाव ॲडसेन्समध्ये आहे तसंच. बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशापोटी आले त्याचा संकेतांक, विचारते. जाहिरात सेवेसाठी पी१००७ आहे. पैसे आल्याचा परकीय चलनाचा दाखला दर वेळी मागून जपून ठेवा.

ॲमेझॉनचं कमिशन देशातलंच असतं, आणि ते महिना संपल्यावर सुमारे ६० दिवसांनी येतं, कारण परत आलेल्या वस्तू वजा व्हायच्या असतात. त्यातून टीडीएस कापला जातो. कमिशनवरचा दर ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात. कापलेला कर २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या पत्रकात) दिसतो का ते बघा. विवरणपत्र भरलं नाही तर तो परत मिळत नाही.

हे उत्पन्न व्यवसायाचं आहे, पगाराच्या सोप्या फॉर्ममध्ये ते बसत नाही. अनेक जण ४४एडीची अंदाजित उत्पन्नाची योजना वापरतात, पण त्या कलमातून कमिशनचं उत्पन्न स्पष्टपणे वगळलेलं आहे. ॲफिलिएटवाल्याने खर्च लिहून नफा काढायचा: डोमेन, होस्टिंग, कामापुरता इंटरनेटचा वाटा, तपासणीसाठी घेतलेले पंप, संगणकावर ४० टक्के घसारा. एप्रिल २०२६ पासून नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुना क्रमांक सापडला नाही म्हणून घाबरू नका. वर्षाचा कर, टीडीएस वजा जाता, १०,००० च्या वर जाणार असेल तर आगाऊ कर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला.

रानवाट

जीएसटी? ॲडसेन्स परदेशी म्हणून तो धरायचाच नाही असं ऐकलंय.

हिशेबनीस

अर्धंच ऐकलंय. महाराष्ट्रात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे आणि त्या २० लाखांत निर्यातही मोजतात. ॲडसेन्सचे १५ आणि ॲमेझॉनचे ६ लाख झाले तर नोंदणी लागली. नोंदणीनंतर निर्यातीवर दर शून्य, मात्र त्यासाठी दरवर्षी आरएफडी-११ या फॉर्ममध्ये एलयूटी (हमीपत्र) भरावा लागतो. देशातल्या कमिशनवर १८ टक्के. २० लाखांखाली असाल तर स्वतःहून नोंदणी घेऊ नका, रिकामी विवरणपत्रं भरायचं लफडं मागे लागतं.

शंकासुर

शेवटचं. व्हॉट्सॲप गटात 'ब्लॉग उघडा आणि एखाद्या जाहिरातीवर टिचकी मारा' एवढं सांगितलं तर कोणाला कळणार?

तंत्रतात्या

गूगलला. एकाच तालुक्यातून, एकाच तासात, नेहमीच्या दहापट टिचक्या आणि त्यानंतर जाहिरातदाराच्या पानावर कोणी दोन सेकंदही थांबत नाही. आधी जाहिराती मर्यादित होतात, मग खातं बंद होतं आणि साठलेली रक्कम जाहिरातदारांना परत जाते. अपील असतं, पण 'गटातल्या लोकांनी केलं' हे त्यात चालत नाही. हितशत्रू मुद्दाम टिचक्या मारतोय असा संशय आला तर जाहिराती काही दिवस काढा आणि अवैध टिचक्यांच्या फॉर्मवर तारखा आणि नोंदी पाठवा.

रानवाट

माझ्या ब्लॉगरवरच्या जुन्या चाळीस लेखांचे पत्ते 'ब्लॉग-पोस्ट' असेच आहेत. सगळे बदलू का?

तंत्रतात्या

नको. ज्यावर वाचक येत आहेत ते तसेच राहू द्या, पत्ता कुरूप असल्याने क्रमांक पडत नाही. सर्च कन्सोलमध्ये गेल्या तीन महिन्यांत एकही टिचकी न मिळालेले लेख शोधा. त्यातले जे सुधारून पुन्हा लिहिणार असाल तेवढ्यांचे पत्ते बदला. लेख मसुद्यात परत घ्या, पत्ता द्या, प्रकाशित करा. मग सेटिंगमध्ये 'एरर्स अँड रिडायरेक्ट्स' खाली जुना आणि नवा पत्ता घाला. दोन्ही तिरप्या रेघेने सुरू व्हायला हवेत, पुढे डोमेन लिहायचं नाही, आणि 'पर्मनंट' चालू ठेवायचं. नंतर जुना पत्ता उघडून नव्यावर जातो ना, ते मोबाइलवर तपासा.